मनगटावरच्या तीन पट्ट्या

नत्थूजी सौंसरच्या स्टँडवर बसमध्ये चढला आणि त्याने एखादी गोष्ट काढली, की रामाकोना येऊन जायचं तरी गोष्टीतला बैल विहिरीतच असायचा. शेजारचा माणूस उतरून घरी जायचा, हातपाय धुऊन जेवायला बसायचा आणि पहिला घास तोंडात घालायच्या आधी बायकोला विचारायचा, "त्या बैलाचं मंग काय झालं असन व?" असा हा माणूस. चौथी शिकलेला, सहासष्ट वर्षांचा, बडबडीने गाव जागवणारा. पण हात मात्र मुके आणि पक्के. रामाकोन्याच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात जेवढ्या संत्र्याच्या बागा आहेत, त्यांतल्या निम्म्या झाडांच्या बुडाशी नत्थूजीची गाठ बसलेली आहे.

कलमं बांधणं हा त्याचा धंदा. खाली जंभेरीचं, म्हणजे एका जातीच्या आंबट लिंबाचं रोप असतं. त्याच्या सालीत चीर पाडायची, चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा त्यात बसवायचा आणि वरून प्लास्टिकची निळसर पट्टी गुंडाळायची. डोळा लागला की तेच रोप पुढे संत्री देतं. भाऊरावांच्या नर्सरीत एका ओळीला पन्नास रोपं. नत्थूजी ओळीला बसायच्या आधी मोजून पन्नास पट्ट्या कमरेच्या दोरीत खोवायचा. ओळ संपली आणि कमरेला एक पट्टी उरलेली दिसली, की समजायचं, मागे एक रोप विसरलं. मग उठायचं, मागे जायचं, ते शोधून बांधायचं. चाळीस वर्षं हाच नेम.

"डोकं धोका देते बावा," तो म्हणायचा, "कंबर नाही देत."

आता एवढ्या हुशार रीतीचा माणूस आपल्या घरात मात्र दहा वर्षं चुकत होता, आणि ती चूक त्याच्या तोंडाची होती.

त्याची नात उर्वशी, मुलाची मुलगी, पाचवीत होती. दीड वर्षाची असताना तिचे हातपाय सुजले तेव्हा रक्त तपासलं आणि सिकलसेल निघाला. त्यांच्या वस्तीत हा शब्द काही नवा नव्हता. 'सिकल' म्हणून म्हाताऱ्या बायासुद्धा बोलतात. घराने तो आजार अंगवळणी पाडून घेतला होता. गोळी रोज, पाणी भरपूर, थंडीत स्वेटर, आणि सांधे ठणकले की आजी अंबाबाई पोरीला मांडीवर घेऊन शेकत बसायची. दुखणं सगळ्यांना दिसायचं. डोक्यात काय होतं ते कोणाला दिसत नव्हतं.

डिसेंबरातला रविवार होता. कलमांचा हंगाम ऐन भरात. नत्थूजीने ओळीत बसल्या बसल्या हाक मारली, "उर्वशे, घरी जाय, आजीले म्हणा चहा पाठव, माहा धार लावाचा दगड चुलीमागं आहे थो घे, पट्ट्याचं बंडल खुंटीवर आहे थे घे, अन् येता येता शकुबाईच्या घरून काड्याची मोळी उचल, अन् तिले सांग का मोळीवर ओलं पोतं टाकत जाय."

अर्ध्या तासाने उर्वशी आली. हातात फक्त दगड.

"चहा?"

पोरीने दगड पुढे केला.

"पट्ट्या कुठं आहे? मोळी? लक्ष कुठं असते व तुहं? येवढी आळशी पोट्टी मी सात गावात पाहिली नाही!"

उर्वशीने दगड खाली ठेवला. ती म्हणाली, "आबाजी, मी दगड दगड करत आली. बाकीचं पडलं."

"पडलं? कुठं पडलं?"

"डोक्यातून."

बाजूच्या ओळीतले मजूर हसले. नत्थूजीही हसला. पण हात मात्र त्याचा थांबला. कारण उर्वशी हसली नव्हती. एखादी वस्तू खरोखर रस्त्यात पडली असावी तशी ती मागच्या वाटेकडे पाहत होती.

त्याच आठवड्यात शाळेतून निरोप आला. शाळेच्या अपर्णा मॅडमनी सहामाहीचे पेपर घरी पाठवले होते. उर्वशीची आई तृप्ती पेपर पाहून रडकुंडीला आली आणि सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, सगळ्याइच्यात नापास. मॅडम म्हणते, मार्चमधी बोर्डासारखा पेपर आहे, पोरगी काही निघत नाही. यंदा घरीच आराम करू द्या म्हणते. मलेही तेच वाटून राहिलं. जिवापेक्षा शाळा मोठी हाय काय?"

मुलगा राजू ट्रकवर होता. तो फोनवर म्हणाला, "बाबा, तुमी म्हणान तसं."

म्हणजे गोष्ट नत्थूजीवर आली. त्याच्या गावात घरी बसलेली पोरगी पुन्हा शाळेत गेलेली त्याने पाहिली नव्हती. एक वर्ष म्हणता म्हणता धाकटं भावंड कडेवर येतं, मग कापूस वेचायला जाणं येतं, आणि मग पाहुणे येतात. त्याने चष्मा लावला आणि पेपर उलटवले. पहिलं पान भरलेलं. शाळा मध्य प्रदेशातली, पेपर हिंदीत. त्याला हिंदी वाचायला वेळ लागायचा, पण बरोबरच्या खुणा ओळखता यायच्या. पहिल्या पानावर सगळ्या बरोबरच्याच खुणा होत्या. दुसरं पान कोरं. तिसरं कोरं. प्रत्येक विषयात तेच.

"येकाच बाजूनं फुटलेलं रोप आहे हे," तो तृप्तीला म्हणाला. "हे मेलेलं नोहे. उपटाचं नाही. पोरगी शाळेत जाईन."

दुसऱ्या मंगळवारी तो उर्वशीला घेऊन सौंसरला गेला. तिथे सिकलच्या मुलांना तपासायला डॉक्टर स्नेहा यायच्या. नेहमी गोळ्या घेऊन परत यायचं, एवढंच त्या खोलीशी नातं. या वेळी नत्थूजी खुर्चीत बसूनच राहिला आणि त्याने दगडापासून कोऱ्या पानापर्यंत सगळं सांगितलं. मध्ये बैलही येऊन गेला. डॉक्टरबाईंनी मात्र ऐकून घेतलं आणि दुपारी रांग संपल्यावर उर्वशीला समोर बसवलं.

त्यांनी तिच्याकडून रंगीत ठोकळे जुळवून घेतले. पोरीने नक्षी बरोबर जुळवली, पण इतक्या सावकाश की नत्थूजीच्याच बोटांना खाज सुटली. मग आकडे सांगितले, उलटे म्हणायला लावले. चार आकड्यांवर ती अडकली. शेवटी त्यांनी एक लहानशी गोष्ट सांगितली आणि ती परत सांगायला सांगितली. उर्वशीने ती गोष्ट सांगितली, आणि वर त्यातल्या कोल्ह्याला काय वाटलं असेल तेही सांगितलं.

डॉक्टरबाई हसल्या. "एवढे शब्द कुठून शिकली गं?"

"आमच्या घरी हेच पिकते," उर्वशी म्हणाली.

मग डॉक्टरबाई नत्थूजीकडे वळल्या. "आजोबा, ही आळशी नाही. मठ्ठ तर मुळीच नाही. समज चांगली आहे, शब्द चांगले आहेत. पण लक्ष धरून ठेवणं, एका वेळी चार गोष्टी डोक्यात पेलणं, आणि भरभर काम उरकणं, या तीन ठिकाणी ती मागे पडते. सिकलच्या बऱ्याच मुलांचं असं होतं. रक्त कमी असतं. कधी कधी मेंदूतल्या बारीक नसांत रक्त अडखळतं आणि एखादा इवलासा भाग तहानलेला राहतो. दुखत नाही, हात लुळा पडत नाही, त्यामुळे कोणाला कळतच नाही."

नत्थूजी खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "आमच्या बगीच्यात ठिबकची नळी असते मॅडम. येखादी तोटी चोंदली तं झाड वाळत नाही. उभं दिसते, हिरवं दिसते. फक्त नवती, नवी पालवी, उशिरा फुटते. तसंच काय?"

"बरंचसं तसंच. हिच्या डोक्यात नेमकं तेच झालंय असं मी आज म्हणणार नाही. नागपूरला नसांतला रक्ताचा वेग पाहणारी तपासणी करून घेऊ. गोळी चुकवायची नाही, पाणी चुकवायचं नाही. आणि शाळा सोडवायची नाही. शाळा सुटली तर आहे तेही मागे पडेल. तिला एका वेळी एक काम सांगा. आठवणीला हाताशी काहीतरी द्या. परीक्षेत जास्तीचा वेळ मिळू शकतो, दिव्यांगांच्या कायद्यातल्या यादीत सिकल आहे. कागद करून घ्या."

परतीच्या बसमध्ये नत्थूजीने कोणाला गोष्ट सांगितली नाही. कंडक्टरने विचारलं, "बाबाजी, तब्येत ठीक आहे ना?"

घरी आल्यावर त्याने कमरेची दोरी सोडली. तीन पट्ट्या काढल्या आणि उर्वशीच्या डाव्या मनगटावर सैल गाठीने बांधल्या. "हे पाय. पहिली पट्टी पाण्याची. मधल्या सुट्टीत बाटली संपली का सोडाची. दुसरी, फळ्यावरचं उतरवलं का सोडाची. तिसरी, बाटली अन् कंपास दप्तरात गेली का सोडाची. घरी येता वक्ती हातावर पट्टी दिसली तं समजाचं..."

"का मागं येक रोप राहिलं," उर्वशी म्हणाली.

अंबाबाई चुलीजवळून म्हणाली, "दहा वर्षांत पहिल्यांदा तुमी तीनच गोष्टी सांगून थांबले. पोट्टीच्या हाती कायले, तुमच्याच जिभेले बांधा थे पट्ट्या."

पहिल्या दिवशी दोन पट्ट्या हातावर तशाच परत आल्या. चौथ्या दिवशी एक. पुढच्या आठवड्यात मनगट मोकळं आणि पट्ट्या कंपासपेटीत नीट गुंडाळलेल्या. नागपूरची तपासणीही झाली. वेग ठीक निघाला, वर्षाने परत या म्हणाले. नत्थूजीच्या गोष्टीतला बैल एकदाचा विहिरीबाहेर आला.

आणि जानेवारीतल्या एका सोमवारी उर्वशी घरी आली ती बाटलीशिवाय, वहीशिवाय, आणि मनगट मोकळं. तिन्ही पट्ट्या कापलेल्या होत्या. तुकडे तिच्या मुठीत होते.

झालं होतं असं. अपर्णा मॅडमला वाटलं, पोरीच्या आजारावर घरच्यांनी कोणा बाबाकडून गंडा बांधून आणला. मॅडम अशा गोष्टींच्या कट्टर विरोधात. वर्गात कात्री आणली, "शाळेत गंडे-दोरे चालणार नाहीत, गोळ्या घ्या गोळ्या," असं म्हणून कापून टाकल्या.

"तू सांगतलं काहून नाही व?" तृप्तीने विचारलं.

उर्वशीने बराच वेळ विचार केला. "सांगत होती. जुळवून राहिली होती मनात. तंवरक मॅडम दुसऱ्या बाकावर गेल्या."

त्या दिवशी पाणी प्यायचं राहिलं, दुसऱ्या दिवशीही राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीचे गुडघे ठणकायला लागले. पाच दिवस खाट. शाळेतून पुन्हा निरोप: पोरीचे हाल करू नका, यंदा राहू द्या. तृप्ती म्हणाली, "मामाजी, आता पुरे."

वर आणि रविवारी विहारात वंदना झाल्यावर श्रावणने सगळ्यांसमोर टोमणा मारला. श्रावण नत्थूजीच्याच वयाचा, लहानपणापासूनचा सोबती, पण जीभ तिखट. "काय गा नत्थू! दीक्षा घेतलेलं घर, दरसाल नागपूरले जातं, अन् नातीच्या हाताले गंडा? माह्या नातवानं डोळ्यानं पाहिला म्हणे."

नत्थूजीचे कान लाल झाले. कोणी त्याच्या कलमाला नावं ठेवली असती तरी चाललं असतं. "उद्या अकरा वाजता शाळेत ये," तो म्हणाला. "गंडा दाखवतो तुले."

सोमवारी अकरा वाजता तो वर्गाच्या दारात उभा. मागे श्रावण. कमरेला पन्नास पट्ट्या खोवलेल्या. एका खोलीत दोन वर्ग, एक्केचाळीस पोरं, आणि मॅडम एकटी.

"बसा बाबाजी," अपर्णा मॅडम म्हणाल्या. "उर्वशीसाठी आले असाल तर मी सांगितलंच आहे. आराम करू द्या तिला."

"आरामाचं मंग पाहू. आधी गंड्याचं बोलू." त्याने कमरेची एक पट्टी उपसून टेबलावर ठेवली. "हा गंडा माह्या कमरेले चाळीस वर्षांपासून आहे. याले कोणी बाबा माहीत नाही, बुवा माहीत नाही. याले फक्त संत्रा माहीत आहे." आणि त्याने उरलेल्या पट्टीचा आणि विसरलेल्या रोपाचा हिशोब सांगितला, आणि तीन पट्ट्यांचा अर्थही.

मॅडमचा चेहरा उतरला. "पण बाबाजी, पाणी पिणं, दप्तर भरणं, एवढं तर पहिलीतली मुलंही लक्षात ठेवतात."

"मॅडम, तुमी एमे झाल्या. मी चौथी. मी कलम बांधाची रीत येकदा सांगतो, तुमी परत सांगा. जमन?"

मॅडम हसल्या. "सांगा."

नत्थूजीने दम घेतला. "जंभेरीचं खोड वीतभर वर पुसाचं, चाकूनं टीसारखी चीर पाडाची, साल दोन्ही आंगानं सोडवाची, काडीवरून डोळा काढाचा, देठाचा तुकडा ठेवाचा, डोळ्यामागचं लाकूड सोडवाचं, डोळा वरून खाली सरकवाचा, पट्टी खालून वर गुंडाळाची, डोळ्याचं तोंड उघडं ठेवाचं, गाठ मागच्या आंगानं माराची, एकवीस दिवसानं पट्टी सोडाची, मंग खोड वाकवाचं. सांगा."

"खोड पुसायचं," मॅडम म्हणाल्या. "चीर पाडायची. डोळा... डोळा बसवायचा. पट्टी गुंडाळायची, वरून खाली..."

"खालून वर!" मागच्या बाकावरून कोणी तरी ओरडलं. ज्यांचे बाप नर्सरीत जातात ती पोरं खिदळायला लागली. "देठ राहिला मॅडम! लाकूड राहिलं!"

"चूप बसा रे," नत्थूजी पोरांवर डाफरला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बारामधून चार, त्यातही येक उलटं. तुमाले मठ्ठ म्हणू काय मी? नाही म्हणणार. चूक माही आहे, मी येका दमात वतलं. हीच चूक मी दहा वर्षं माह्या नातीसंग केली. वरतून तिले आळशी म्हणलं. तिच्या डोक्यात येका वेळी चार मावत नाही, तुमच्या डोक्यात बारा मावत नाही. फरक येवढाच आहे."

त्याने डॉक्टरबाईंची चिठ्ठी दिली आणि तिच्यावर सहामाहीचे पेपर ठेवले. मॅडमनी पहिलं पान पाहिलं. दुसऱ्या पेपरचं पहिलं पान पाहिलं. मग तिसऱ्याचं.

"मी कोरी पानंच पाहत राहिले," त्या हळूच म्हणाल्या. आणि मग, "कापल्या तेव्हा बोलली का नाही ती?"

"बोलणार होती. तिचं वाक्य तयार होईस्तोवर तुमी दुसऱ्या बाकावर गेल्या होत्या."

मॅडमनी टेबलावरची पट्टी उचलली. "बाबाजी, अजून दोन द्या. आणि जास्तीच्या वेळेचं प्रमाणपत्र तुम्ही आणा, पुढचे अर्ज मी भरते. उर्वशी परीक्षेला बसेल."

बाहेर आल्यावर श्रावण चपलेचा अंगठा जमिनीवर घासत म्हणाला, "माही मोटरसायकल आहे. कागदासाठी पांढुर्ण्याले जाचं असन तं सांगजो."

पांढुर्ण्याच्या तीन खेपा झाल्या. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता. पहिल्या खेपेला नत्थूजी उर्वशीचे फोटो घरी विसरला. दुसऱ्या खेपेला फोटो घेतले, पण रक्ताचा रिपोर्ट चहाच्या टपरीवर राहिला, कारण तिथे त्याने एक गोष्ट काढली होती. तिसऱ्या खेपेला तो मोटरसायकलवर बसला तेव्हा श्रावणने मागे वळून पाहिलं. नत्थूजीच्या स्वतःच्या मनगटावर तीन पट्ट्या होत्या.

"आता तुह्याही हाताले गंडा?"

"फोटो, रिपोर्ट, आधार," नत्थूजी म्हणाला. "चाल, गाडी हान."

त्या खेपेला कागद झाला.

मार्चमधली परीक्षा. पेपर अडीच तासांचा, उर्वशीला वर पन्नास मिनिटं. मॅडमनी तिला दाराजवळ, पाण्याच्या माठापाशी जागा दिली होती. मनगटावर पाच पट्ट्या, पेपरच्या पाच भागांच्या. गणिताच्या दिवशी नत्थूजी गेटपाशी कडुनिंबाखाली बसला. अडीच तास झाले, घंटा वाजली, पोरांचा लोंढा बाहेर आला. एक बाई म्हणाली, "तुमची नाही आली? अडकली वाटते बिचारी."

"अडकली नाही," नत्थूजी म्हणाला. "काम करून राहिली."

गेट रिकामं झालं. सावली सरकली. पन्नास मिनिटांत नत्थूजीने कोणालाही काही सांगितलं नाही, सांगायला कोणी नव्हतंच. त्याने कमरेच्या पट्ट्या काढून मोजल्या, पुन्हा खोवल्या, पुन्हा मोजल्या.

मग उर्वशी आली. चालणं तेच, सावकाश. नत्थूजी उठला आणि तीन तासांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर पडलं: "कसा गेला, सगळं लिहिलं काय, भागाकार होता काय, पाणी पेली का नाही, डोकं तं नाही दुखून राहिलं, मॅडम काय म्हणे?"

उर्वशीने हात वर केला. मनगट मोकळं होतं.

"आबाजी. येकेक."

नत्थूजीने तोंड मिटलं. तिने आधी बाटली काढली, उरलेलं पाणी संपवलं, झाकण लावलं, बाटली दप्तरात ठेवली. मग मूठ उघडली. तिच्यात पाच पट्ट्या होत्या.

"पोट्टे गेले तवा मले वाटलं, माहाही झाला," ती म्हणाली. "पण हातावर येक उरली होती. मंग मी पान उलटवलं. मांगच्या आंगानं दोन गणितं होते."

"मंग?"

"केले ना."

निकाल एप्रिलमध्ये लागला. गणितात काठावर, बाकीच्यांत बरी, आणि भाषेत वर्गात तिसरी. सहावीचं नाव रामाकोन्याच्या शाळेत घातलं. अपर्णा मॅडमनी तिथल्या सरांना चार ओळींची चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीसोबत काय काय न्यायचं ते नत्थूजी सांगायला लागला तेव्हा उर्वशीने दप्तर खाली ठेवलं, त्याच्या कमरेच्या पट्ट्यांतून स्वतःच तीन उपसल्या आणि हात पुढे केला.

"बांधा," ती म्हणाली. "अन् मंग सांगा."